एका बटणाचे दोन रंग

कडूबानं नानासाहेबांना सांगितलं, "व्हय, आज पिऊन आलो व्हतो." बावीस वर्षं तो त्यांच्या बँजो पार्टीत वाजवत होता, आणि इतक्या वर्षांत त्यानं मारलेली ही पहिलीच थाप. तीही स्वतःच्याच विरुद्ध. एरवी हा माणूस सुपारीच्या खांडालाही शिवत नसे.

झालं होतं असं. बीड बायपासवरच्या एका लॉनवर हळद होती. कडूबा पार्टीत पॅड वाजवतो. पॅड म्हणजे काठ्यांनी वाजवायची इलेक्ट्रॉनिक पेटी. संबळ, ढोलकी, हलगी, म्हणाल तो आवाज तिच्यातून निघतो. दिवाळीनंतर नानासाहेबांनी नवं पॅड आणलं, त्यात ठेका भरून ठेवायची सोय होती. बटण दाबायचं, ठेका वाजवायचा, पुन्हा दाबलं की तोच ठेका आपोआप फिरत राहतो आणि हात मोकळे होतात. पण चुकून तिसऱ्यांदा दाबलं गेलं, तर फिरत्या ठेक्यावर पुन्हा भरणं सुरू. बटण एकच. भरताना लाल पेटतं, वाजताना हिरवं. माइकही त्याच पेटीला जोडलेला, त्यामुळे माइकजवळ जो बोलेल तोही भरला जातो.

त्या दुपारी बटण तिसऱ्यांदा दाबलं गेलं. ठेका वाजतच होता, कानाला काही फरक नव्हता. बटण पेटलेलं होतं, कडूबानं बघितलं आणि तो पाणी प्यायला वळला. तेवढ्यात नवरदेवाची मावशी माइकशी उभी राहून जावेला म्हणाली, "नवरीपरीस तिची धाकटी बहीणच बरी व्हती गं."

पुढच्या फेरीपासून संबळाच्या ठेक्यावर सगळ्या लॉनला ऐकू येऊ लागलं, "धाकटी बहीणच बरी व्हती गं." लहान पोरं त्यावर नाचायलाही लागली. कडूबा बटण दाबी, तो भरणं थांबून वाजणं सुरू होई. पुन्हा दाबी, तो पुन्हा भरणं. शेवटी नानासाहेबांनी वायरच उपटली. नवरीची आई हळदीच्या हातांनिशी स्टेजवर चढली होती. नानासाहेबांनी तिच्यासमोर हात जोडले, मावशीसमोर जोडले, आणि मग टेम्पोच्या आडोशाला येऊन विचारलं, "कडूबा, घेऊन आलतास का?"

पिणाऱ्याला माफी मिळते, एवढं कडूबाला ठाऊक होतं. ज्याला मशीनच कळत नाही त्याला मिळत नाही. म्हणून तो व्हय म्हणाला.

"शनिवारी दौलताबादला हळद हाय," नानासाहेब म्हणाले. "ही शेवटची बारी. पुन्यांदा आसं झालं तर मला दुसरा मानूस बसवावा लागंल."

खरी गोष्ट त्यानं आजवर कुणालाच सांगितली नव्हती. त्याच्या लहानपणी दौलताबादच्या पलीकडं त्याच्या घरची मेंढरं होती. त्यांच्या मेंढरांच्या पाठीवर लाल रंगाची खूण, चुलत्याच्या मेंढरांवर हिरवी. आठ वर्षांच्या कडूबानं दोनदा चुलत्याची मेंढरं घरी हाकून आणली. पहिल्यांदा सगळे हसले, दुसऱ्यांदा बापानं फोकानं मारलं. कडूबाला दोन्ही खुणा सारख्याच मातकट दिसत होत्या, पण मार खाताना तो ते बोलला नाही. त्यानं घंट्या ऐकायला सुरुवात केली. कुठल्या मेंढीची घंटी जाड वाजते, कुठलीची फुटकी, हे त्याला झोपेतही सांगता येई. त्याच कानावर तो गावच्या ढोलापर्यंत आला, ढोलावरून शहरात, नानासाहेबांच्या पार्टीत. जुन्या पॅडवर दोन बत्त्या होत्या. डावी भरण्याची, उजवी वाजण्याची. कोणती पेटली ते जागेवरून कळे. रंगाची गरजच पडत नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको सत्यशीला गिरणीतून दळण घेऊन आली, ती डबा दाणकन ठेवूनच बोलली.

"तुमी प्यायला कवापासून लागलात?"

"कुणी सांगितलं?"

"नानासाहेबांची बायको, सुरेखा. गिरणीत, चार बायांमदी! म्हणती, वहिनी, भावजींना जपा. मी पिठाच्या धुरळ्यात उभी, आन् तोंड आसं झालं माजं." ती जवळ आली आणि तिनं त्याच्या तोंडाचा वास घेतला. "बडीशेपेचाबी वास न्हाई. मग कामून व्हय म्हनलात?"

कडूबानं दळणाचा डबा कोपऱ्यात सरकवला. ती खाली बसली. परातीत टोमॅटो होते, ते निवडायला तिनं पुढं ओढले. कडूबानं परातीतले दोन टोमॅटो उचलले आणि तिच्यापुढं धरले.

"ह्यातलं पिकलेलं कंचं?"

"चेष्टा करायलात व्हय?"

"दाबल्याबिगर मला सांगता येत न्हाई. लाल-हिरवं मला कळतच न्हाई, सत्यशीला. लहानपनापासून. त्या बटनाचंबी कळत न्हाई."

ती बघत राहिली. कडूबाला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर आईला फोन लावेल. ती म्हणाली,

"म्हंजे माज्या भावाच्या लग्नात..."

"व्हय."

"गुलमंडीतून कुकवासारखी लाल साडी आना म्हनलं व्हतं, आन् तुमी हिरवीगार आनली!"

"दुकानदाराला विचारायची लाज वाटली."

"अकरा वर्षं!" तिनं कपाळाला हात लावला. "अकरा वर्षं मी समजत आले, ह्या मानसाला माजं बोलनं ऐकूच येत न्हाई. ती साडी नेसताना दर बारीला मनात शिव्या दिल्या तुमाला." आणि ती हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले, पुन्हा हसली. "दारू न्हाई ना? शपथ?"

"शपथ."

"मग बाकीचं बघू." तिनं एक टोमॅटो चिरला. "सिग्नलला कसं करता वो?"

"वरचा थांबायचा, खालचा जायाचा."

"आन् रिक्षाचा इंडिकेटर?"

"तो तर मिटमिटतो. तो कुनालाबी कळंल."

"मग ह्या बटनालाबी मिटमिटायला लावा की!" ती इतक्या सहज म्हणाली, जसं काही दुधाला विरजण लावायचं होतं.

गुलमंडीच्या बोळात मुजीब मिस्त्रीचं दुरुस्तीचं दुकान आहे. कडूबा पॅड घेऊन तिथं गेला, सत्यशीला सोबत आली. नवरा ऐन वेळी गप्प बसेल अशी तिला खात्री होती, आणि तो बसलाच. तिनंच सगळं सांगितलं.

मुजीबनं चष्मा कपाळावर सरकवला. "इत्तीच बात थी, कडूबाभाई? मेरे खालू, मौसी के मियाँ, वो भी ऐसेच हैं. मिर्ची लाल के हरी, खाके बताते." त्यानं पॅडच्या पडद्यावर सेटिंगची यादी उघडली आणि खाली खाली सरकत गेला. "ये देखो. बत्ती का सेटिंग मशीन मेंच है. भरते वखत मिटमिट, बजते वखत सीधी. बंद, तो अंधेरा. टेन्शन नक्को लेव."

कडूबानं बटण दाबलं. ते मिटमिटू लागलं, झपझप. पुन्हा दाबलं. स्थिर. तिसऱ्यांदा दाबलं, पुन्हा मिटमिट. त्यानं हे किती वेळा केलं कुणास ठाऊक. मुजीब शेवटी म्हणाला, "अब बस करो, बटन घिस जायेगा." सत्यशीला दाराशी पाठ करून उभी होती आणि पदरानं नाक पुसत होती.

शनिवारी दौलताबादला, मांडवात पाट मांडायचे चालू असताना, कडूबा नानासाहेबांपाशी गेला. "नानासाहेब, त्या दिशी मी पिलो नव्हतो."

"ठावं हाय मला," नानासाहेब बँजो लावत होते, त्यांनी मान वर केली नाही. "बावीस वर्षं शेजारी बसतो, वास कळत न्हाई व्हय? म्हनून तर भ्यालो. पिलेला मानूस सकाळी नीट व्हतो. मला वाटलं, तुजं डोस्कं फिरलं, न्हाई तर कान गेलं."

कडूबानं मग सगळं सांगितलं. मेंढरांपासून. नानासाहेबांनी ऐकून घेतलं, दोनदा "आगा बाबौ" म्हणाले, आणि बटण स्वतः दाबून बघितलं.

"आरं, हे तर मला हितून, बँजोवरून दिसतंय! त्या लाल-हिरव्याचं मला उन्हात काय कळत नव्हतं. पहिल्यापासून आसंच का न्हाई केलं?"

"आधी बोललो न्हाई ना."

"न्हाई बोललास. आन् वर दारूचं सोंग! सुरेखानं तुज्यासाठी नवस बोललाय, आता तो कसा फेडायचा ते तूच तिला जाऊन सांग."

हळद लागली. कडूबानं संबळाचा ठेका भरला, बटण मिटमिटत होतं. पुन्हा दाबलं, ते स्थिर झालं. ठेका फिरू लागला. एक जाडजूड आत्याबाई माइकशी येऊन शेजारणीच्या कानाला लागली. नानासाहेबांचे हात बँजोवरच थबकले. ते ओरडले, "कडूबा, बत्ती!"

"दिसतीय मला," कडूबा म्हणाला. त्यानं काठ्या मांडीवर ठेवल्या, तांब्या उचलला आणि सावकाश पाणी प्याला. आत्याबाई बोलत राहिल्या. फक्त शेजारणीनं ऐकलं.