आठव्या चॅनेलवरचा आवाज

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली आहे, आणि आजही असल्या गोष्टी मला मान्य नाहीत. तरीही लिहितो आहे, कारण आमचे चिरंजीव मंदार यांनी गेल्या आठवड्यात याच फोरमवर 'बाबांना झालेला भास' म्हणून जे लिहिले, ते साफ चुकीचे आहे. आवाज नियंत्रित करणाऱ्या मिक्सरपाशी मी होतो. ते गाडी पार्क करत होते.

नागपूरच्या नाट्यगृहांत अडतीस वर्षे मी ध्वनिव्यवस्था सांभाळली. आता मुलाकडे, अमेरिकेत मॉरिसव्हिलला असतो. नातू अनीश जवळच्याच एका कॉलेजात होता. तिथल्या फ्रॅटर्निटी हाउसमध्ये, म्हणजे मुलांच्या सामाईक घरात, लाइव्ह म्युझिकच्या पार्ट्यांचे सारे नियोजन त्याच्याकडे असे. मार्चमध्ये त्याचा फोन आला.

"आजोबा, बॅकयार्डमध्ये बँड आहे. स्पीकर्स भिंतीशी ठेवू की ओकच्या झाडाखाली?"

"इंजिनीअर व्हायला गेलायस की मांडववाला?" म्हणालो, आणि फोन कट केला.

नऊ दिवसांनी हायवेवर त्याची गाडी... असो.

एप्रिलमध्ये मित्रांनी तीच पार्टी, त्याच्याच प्लॅनप्रमाणे, त्याच्या आठवणीत करायची ठरवली. ध्वनिव्यवस्था मी हट्टाने मागून घेतली. विटांच्या भिंतीवरून आवाज घुमतो, म्हणून स्पीकर्स झाडाखाली लावले. मिक्सरवर प्रत्येक वाद्याला वेगळा चॅनेल असतो; आठवा अनीशच्या गिटारचा. मुलांनी तो मोकळा ठेवला होता. त्यात वायरच नव्हती.

दुपारी चारला, लख्ख उन्हात, हेडफोन लावून मी एकेक चॅनेल तपासत होतो. आठव्याचा दिवा लुकलुकला. मी फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी, वर सरकवला —

"झाडाखालीच लावलेत ना, आजोबा? मला वाटलंच होतं." जराशी खरखर. मग, "ऐकू येतंय ना?"

मंदार लिहितात, जुना व्हॉइस मेसेज असेल. झाडाचे उत्तर मी त्याला कधी दिलेच नव्हते. मग ते मेसेजमध्ये कुठून आले? ड्रमर टायलर म्हणाला, "सर, मेबी समवन लेफ्ट अ माइक ऑन?" मी विचारले, "अ माइक दॅट स्पीक्स मराठी?"

"बाबा, तुम्ही दोन दिवस झोपला नव्हतात," हे मंदारचे शेवटचे शस्त्र. झोप न झाल्याने डोळे चुरचुरतात. त्याने नातवाचा आवाज तयार होत नाही.

एक गोष्ट मात्र त्यांच्या लेखात नाही, कारण ती मी कोणालाच सांगितलेली नाही. वापरात नसलेल्या चॅनेलवर आवाज आला, की तत्क्षणी फेडर खाली — नाट्यगृहात आम्ही प्रथम हेच शिकतो. त्याचा प्रश्न संपला आणि माझ्या बोटांनी फेडर खाली ओढला. सवयीने. तोंडातून 'हो' निघायच्या आत.

लगेच वर केला. दिवा विझला होता. बँड वाजून संपला, मुलांनी वायरी गुंडाळल्या, तोवर मी तो चॅनेल उघडा ठेवून बसलो होतो.

आवाज कुठून आला, याचा उलगडा मला आजही झालेला नाही. बंद मात्र मीच केला... त्या फोननंतर, दुसऱ्यांदा.