सदतीस पतंग

मंडळी, तोंडाने सांगवणार नाही, म्हणून ही चिठ्ठी ऑफिसच्या बोर्डावर लावतेय.

गोराईच्या वांग्यांवर अळी कधी येणार, हे सहा वर्षं मीच सांगायचे, दिव्याच्या सापळ्यातले पतंग मोजून. आता सगळे नव्या कॉम्प्युटरला विचारतात. त्यात आकडे भरतात ते माझ्याच वहीतले.

आज सकाळी पतंग सदतीस होते. मी सात लिहिले. म्हटलं, एकदा तोंडावर पडू दे त्याला.

कॉम्प्युटर म्हणाला, फवारणी नको.

दुपारी वांगीवाले पास्कलकाका आले. "मशीनचं राहू दे. तू काय म्हणतेस?"

"आजच फवारा."

"म्हणूनच गोराईहून खाडी ओलांडून होडीने तुझ्याकडे आलो. तू खोटं सांगत नाहीस."

तुमच्यापैकी कुणी मशीनवर जळलंय कधी?

सर, आकडा सदतीस करून घ्या.