डबलसीट न ओढणारी गाडी

नोकरीतली बरीच प्रकरणं मी विसरलो. हे विसरलो नाही, कारण यात चोराच्या आधी आम्ही चुकलो होतो. नाव कुणाचंच घेणार नाही, माझ्या ठाण्याचंही नाही. पण जे झालं त्यात पाणीही घालणार नाही. पोलिसात येण्याआधी चळवळीत पत्रकं लिहिली आहेत. गुळमुळीत लिहिण्याची सवय नाही.

भूकंपाला दहा-बारा वर्षं झाली होती. लातुरात क्लासेसचं पेव फुटलं होतं. माहूरपासून निलंग्यापर्यंतच्या आया लेकरांना घेऊन एकेका खोलीत राहायला आल्या होत्या. बाप गावाकडं, आई इथं डब्याला. मी तेव्हा उपनिरीक्षक होतो आणि क्लासेसचा तो सगळा भाग आमच्या हद्दीत होता. सकाळची बॅच आत गेली की सात वाजता गल्ली मोकळी व्हायची आणि या बाया दूध-भाजी घेऊन परत निघायच्या. नेमक्या त्याच वेळेला एका महिन्यात तीन गंठणं ओढली गेली.

तिसरी बाई माहूरकडची. नवऱ्याचं गडाच्या पायथ्याशी पूजेच्या सामानाचं दुकान. ती हिसक्यानं पडली आणि तिचं कोपर मोडलं. फिर्याद मीच लिहून घेतली. मोटारसायकलवर दोघं होते एवढंच तिनं पाहिलं. तोंडाला रुमाल, नंबर दिसला नाही. मी विचारलं, "गाडी कशी होती?" ती म्हणाली, "लई आवाजाची गाडी होती, दादा. कान फाटत होते."

आधीच्या दोघी फिर्यादी हेच बोलल्या होत्या. कोपऱ्यावरचा चहावाला हेच बोलला. चार तोंडं, एक आवाज. आम्हाला वाटलं, झालं काम.

दुसऱ्या दिवशी खबऱ्यानं नाव दिलं. किल्लारीकडचा एकवीस-बावीस वर्षांचा तरुण, लातुरात मामाकडं राहून वाढलेला. जुनी टू-स्ट्रोक गाडी, नांदेडहून काम करून आणलेली. सायलेन्सरमधली जाळी काढलेली, इंजिनातले पोर्ट, म्हणजे हवा-धुराच्या वाटा, घासून मोठ्या केलेल्या. रोज सातच्या सुमाराला मैदानावर पळून-व्यायाम करून तो त्याच गल्लीनं घरी जायचा. वेळ जुळली, रस्ता जुळला, आवाज जुळला. खबऱ्या म्हणाला, "साहेब, त्याची गाडी आली की आमच्या म्हशी दूध चोरतात. उचला एकदाचं."

उचलला. 'चौकशीसाठी आणला' असं आम्ही म्हणायचो. कागदावर अटक नाही, पण बाकावरून उठायची सोयही नाही. ही पद्धत चूक होती आणि आम्ही सगळे ती वापरत होतो. आता सेवानिवृत्तीनंतर शहाणपण सांगतोय असं कुणी म्हटलं तर म्हणू द्या.

चौकशीला बसलो आणि माझं काम त्यानंच सोपं केलं.

"गाडी पळते का?"

"पळते म्हणजे? लातुरात ही गाडी कुणाला सापडत न्हाई, साहेब."

"आमच्या जीपला?"

तो चक्क हसला. "जीपचं सोडा. तुमची जीप धक्का मारल्याशिवाय सुरू होत न्हाई, समद्यांना माहीत हाय."

बाहेर बसलेले हवालदारही हसले. मी मात्र लिहून घेत होतो. तीन जबरी चोऱ्या, आरोपी वेगात पसार, आणि हा पठ्ठ्या आपल्या तोंडानं सांगतोय की आपल्याला कुणी धरू शकत नाही! चोरीचं विचारलं तर "देवीची शपथ, मी न्हाई" आणि गाडीचं विचारलं की छाती पुढं. स्वतःच्या गळ्यात दोर घालून वर गाठही तोच मारत होता.

एक गोष्ट इथंच सांगायला हवी. त्याच पोराचा चारित्र्य पडताळणीचा कागद आमच्याच ठाण्यात आला होता. पोलीस भरतीत त्याची निवड झाली होती. मैदानी पास, लेखी पास, उरला होता फक्त आमचा शेरा. अटक दाखवली असती तर ती नोकरी तिथंच संपली असती. नंतर कोर्टानं सोडलं असतं तरी वर्षं गेली असती आणि वय निघून गेलं असतं. आमचे निरीक्षक म्हणाले, "संध्याकाळपर्यंत अटक दाखव. पेपरवाले मागं लागलेत." मी "हो सर" म्हणालो. म्हणालो, हे लपवत नाही.

गाडी जप्त करायला दोन हवालदार त्याच्या मामाच्या घरी चालत गेले होते. येताना दोघं त्याच गाडीवर बसून येणार होते. पंधरा मिनिटांचा रस्ता. सव्वा तास झाला तरी पत्ता नाही. शेवटी आले ते गाडी ढकलत. दोघांचे युनिफॉर्म घामानं भिजलेले, थोरल्याच्या पँटीला काळं तेल.

"काय झालं?"

"साहेब, ही काय गाडी हाय का?" थोरला हवालदार नांदेडकडचा, कावलेला. "एकटा बसलो तर पळती. दोघं बसलो की जागेवरून उचलत न्हाई. नुसता धूर! ओढ्याच्या पुलावरचा चढ तर चढलीच न्हाई, तिथंच बंद पडली ती परत सुरूच होईना. तवापासून ढकलूनच राहिलो. लोकं हसू लागले ना वं!"

ठाण्यात हशा पिकला. मी हसलो नाही. चोर दोघं होते. मागचा ओढणारा, पुढचा चालवणारा. बाईच्या बाजूला गाडी हळू करायची, हिसका मारायचा आणि त्याच क्षणी जागेवरून पळ काढायचा. ही गाडी दोघांना घेऊन चढ चढेना, मग ती जागेवरून पळाली कशी?

आत येऊन त्या तरुणाला विचारलं, "तुझी गाडी डबलसीट ओढते का?"

पहिल्यांदा त्याची मान खाली गेली. इतका वेळ चोरीच्या आरोपानं गेली नव्हती.

"ओढते की."

"हवालदार ढकलत घेऊन आलेत."

बाहेरचे ऐकत नाहीत ना, ते त्यानं दाराकडं वळून बघितलं. मग म्हणाला, "साहेब, बाहेर कुणाला सांगू नका."

"काय?"

"न्हाई ओढत. काम केल्यापासून खालच्या गियरला दम न्हाई राहिला. दोस्त बसू का म्हणले की मी सांगतो, इंजिन नवं बसवलंय, टाइट हाय. वर्ष झालं हेच सांगून राहिलो."

"अरे, तुझी नोकरी चालली आहे, आणि तू गाडीची इज्जत सांभाळतोस?"

मी विचारलं, मग एवढं कशाला करून घेतलं? म्हणाला, "ह्या गल्लीत समदे उद्याचे डॉक्टर. भरतीवाल्याकडं कोण बघतं, साहेब? गाडी आली की मान तरी वळते."

ठाण्याची वायरलेस वापरून गाडीचं काम केलेल्या नांदेडच्या त्या मेकॅनिकला, उस्तादाला, निरोप धाडला. दुपारच्या एस.टी.नं तो आला. साठीचा, नखांत कायमचं ग्रीस, बापजाद्यांपासून लोखंडाचं काम करणारं घर. त्यानं काळा झालेला प्लग साफ करून गाडी सुरू केली, मग दोन पंच बोलावले आणि ओढ्याच्या चढावर प्रात्यक्षिक घेतलं. दोघांना बसवून पाच वेळा प्रयत्न. तीनदा गाडी बंद पडली, दोनदा घरंगळत मागं आली. एकट्याला बसवलं तर मात्र मोकळ्या रस्त्यावर ती खरोखर सुसाट गेली.

"उस्ताद, हे असं कसं?"

"साहब, कंपनीनं गाडी बनवली ती बायको-पोरं अन् ज्वारीचं पोतं घेऊन चालायला. ह्याला वरचा पळ पाहिजे, आवाज पाहिजे. पोर्ट घासले की वरचा पळ येतो अन् खालचा दम जातो. दोन्ही नै मिलते. मैने इसको बोला था. पेट्रोल दुप्पट पिणार, प्लग सारखा काळा होणार, डबलसीट विसरायचं. हाव म्हणला, करा म्हणला."

"मग केलंत कशाला? कायद्यात बसतं का हे?"

उस्तादानं माझ्याकडं सरळ बघितलं. "नै बसत. खटला घाला साहब, भरतो दंड. पन चोरी इसने नै की. ह्या गाडीवर चोरी करायला निघाला तर पहिला हाच धरला जाईल."

प्रात्यक्षिकाचा पंचनामा निरीक्षकांपुढं ठेवला. ते म्हणाले, "त्या दिवशी गाडी बरी चालली असेल. आवाजाचं काय? चार साक्षीदार आहेत." मी म्हणालो, "मला दोन तास द्या." त्यांनी दिले, हे त्यांचं श्रेय.

मी थेट माहूरच्या बाईंच्या खोलीवर गेलो. हात गळ्यात बांधलेला, तशाही एका हातानं त्या डबा भरत होत्या.

"ताई, नीट आठवा. आधी आवाज आला की आधी हिसका बसला?"

"आधी आवाज. म्हणून तर मी कडेला झाले. ती गाडी बाजूनं पुढं निघून गेली. अन् मंग मागून हिसका बसला."

"म्हणजे आवाजाची गाडी पुढं गेली होती? ओढणारे मागून आले?"

"हाव."

"ताई, हे त्या दिवशी का नाही सांगितलं?"

बाईंनी झाकण लावलं आणि म्हणाल्या, "तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही विचारलं गाडी कशी होती. मी त्या गल्लीत एकच गाडी ऐकली, ती सांगितली."

बारा वर्षांची नोकरी आणि एका बाईनं डबा भरता भरता मला तपास शिकवला. बाकीच्या दोघींकडं गेलो. आधी आवाज, मग हिसका. दोघींचंही तेच. चोरांची गाडी कुणी ऐकलीच नव्हती, कारण पुढं जाणाऱ्या त्या बिनजाळीच्या सायलेन्सरच्या मागं दुसरं काही ऐकू येणंच शक्य नव्हतं. चोर त्याची वाट बघत होते. तो आला की ते निघत होते.

त्याला सोडला, गाडीही परत दिली, आणि विचारलं, "रोजच्यासारखी परत त्याच वेळेला काढशील का?"

त्याचा चेहरा पडला. "अन् परत माझ्यावरच आलं तर?"

"तर तुझ्या बाजूनं पहिला जबाब माझा असेल. लेखी."

"काढतो," म्हणाला.

सापळा लावला. आमची एक महिला शिपाई, साधी साडी, गळ्यात खोटं गंठण, हातात दुधाची किटली. चहाच्या टपरीवर दोघं, दूध केंद्रावर दोघं, एक मी. चार सकाळी काही झालं नाही. निरीक्षक रोज विचारायचे, "अजून किती दिवस?" मी म्हणायचो, "पकडेपर्यंत." पाचव्या सकाळी ती गाडी कान फाडत गल्लीतून गेली आणि तिच्यामागं वीस-पंचवीस पावलांवर एक साधी, स्वच्छ, वेळच्या वेळी सर्व्हिसिंग केलेली गाडी निघाली. हँडलला डब्याची पिशवी. कुणीही म्हणावं, पालक आहेत. मागच्याचा हात गंठणाकडं गेला तसा आमच्या बाईंनी तो मनगटात धरला आणि किटली पुढच्याच्या हेल्मेटवर हाणली. गाडी आडवी. दूध सगळ्या गल्लीत.

त्यातला एक जबाबात बोलला, "त्या पोराच्या गाडीनं आमचं काम लई हलकं केलं, साहेब. तो आला की गल्ली बहिरी." तिन्ही गंठणं एका सोनाराकडून हस्तगत झाली आणि कोर्टाच्या हुकमानं ज्यांची त्यांना मिळाली. माहूरच्या बाईंचं कोपर मात्र पुरतं सरळ झालं नाही.

राहिला तो पडताळणीचा कागद. निरीक्षकांचं म्हणणं, "जबरी चोरीत चौकशी झाली होती एवढी एक ओळ टाकू. खोटं तर नाही ना?" खोटं नव्हतं. पण भरतीच्या कार्यालयात ती ओळ वाचणारा पुढं काय झालं ते विचारायला लातूरला येणार नव्हता. मी म्हणालो, "सर, ती ओळ टाकायची असेल तर खाली दुसरी टाका: चौकशी पोलिसांच्या चुकीनं झाली. आणि सही माझी घ्या." त्यांनी पेन माझ्याकडं सरकवलं. मी लिहिलं, 'प्रतिकूल काही आढळून आले नाही.' सायलेन्सरचा दंड मात्र त्याला लावला. तो त्यानं मुकाट भरला. उस्तादालाही नोटीस गेली.

या प्रकरणानं मला दोन गोष्टी शिकवल्या. साक्षीदाराला 'काय पाहिलं' याच्या आधी 'आधी काय, मग काय' हे विचारायचं. पुढं निवृत्त होईपर्यंत माझ्या प्रत्येक फिर्यादीत हा प्रश्न पहिला होता. आणि दुसरी गोष्ट गाड्यांची कामं करून घेणाऱ्यांसाठी. परवडतं का, असं मला कॉलेजातली मुलं विचारतात. मी पेट्रोलचा हिशेब सांगत बसत नाही. सांगतो, बाबांनो, तुमच्या गाडीचा पळ तुम्हाला एकट्याला मिळतो आणि आवाज सगळ्या गल्लीला. गल्लीत काही वाईट झालं की लोकांना आठवते ती तुमचीच गाडी. आणि पोलीस? पोलीस आठवणीवर चालतो. मी चाललो होतो.

दोषारोपपत्राच्या वेळी तो तरुण साक्षीदार म्हणून जबाब द्यायला आला. केस बारीक कापलेले, प्रशिक्षणाला निघायचं पत्र खिशात. जबाब वाचून दाखवला, त्यासोबत चढावरचा पंचनामाही. तो अडखळला.

"साहेब, यातलं एक वाक्य काढता येईल का?"

"कोणतं?"

"'सदर वाहन दोन इसमांसह चढ चढण्यास असमर्थ आढळले.' कोर्टात मोठ्यानं वाचतील. दोस्त येणार हायेत."

मी कागद त्याच्यापुढं ठेवला. "हे वाक्य नसतं तर त्या दिवशी संध्याकाळी तुझी अटक झाली असती."

तो त्या ओळीकडं बघत बसला. मग हात पुढं करून म्हणाला, "राहू द्या. पेन द्या."