बापू ढोलेंची फायनल टीम

जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात नोकरी केलेल्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. सीझन संपला की मशीन बंद, पगार अर्धा आणि माणसं तीच! त्यात ती कापसाची वाईट वर्षं. भाव पडलेला, गाड्या कमी, होळीलाच सगळं आटोपायचं. मग दिवाळीपर्यंत राळेगाव रोडवरच्या आमच्या जिनात चौघं जण एकमेकांची तोंडं बघत बसायचो.

चौघं म्हणजे वजनकाट्यावरचा नीलेश, मशीनचे फिटर सलीमभाई, कॉम्प्युटरवर मी आणि ग्रेडर बापू ढोले. बापू गाडीत हात घालून कापसाची प्रत ठरवायचे. त्यांनी ‘ओला’ म्हटलं की ओला. मग समोरचा कितीही शपथा घेवो.

आता अडचण अशी की, नीलेशला बापूंची मुलगी प्रणिता पसंत होती. तिलाही तो. ती यवतमाळला बी.पी.एड., म्हणजे खेळाच्या शिक्षिकेचा कोर्स करत होती. नीलेशच्या घरच्यांनी मागणी घातली, तर बापू फक्त "पाहू" म्हणाले. बापूंचं ‘पाहू’ म्हणजे माल अजून परत पाठवलेला नाही, एवढंच! पोरगा तेव्हापासून नीट जेवत नव्हता.

* * *

त्यातच फुटबॉलचा वर्ल्डकप आला आणि मला नेटवर फॅन्टसी लीग सापडली. मी सगळ्यांना ऑफिसात बसवून नियम सांगितले. ठरलेल्या बजेटमध्ये जगभरातले पंधरा खेळाडू घ्यायचे. अकरा मैदानात, चार बाकावर. ते खऱ्या मॅचमध्ये जसे खेळतील, तसे आपल्याला पॉइंट. कॅप्टनचे डबल.

बापूंनी सगळं शांतपणे ऐकलं. "खेळनार ते?"

"हो."

"पळनार ते, पाय मोडून घेनार ते, अन् जिंकनार आपन?"

"हो, बापू."

"मंग आपन काय कराचं?"

"बसून राह्याचं."

"अरे, मंग हे जमते ना आपल्याले! तीन महिन्यांपासून तेच करून राह्यलो!"

* * *

सलीमभाईंनी सगळ्यांत महागडी टीम घेतली. पहिल्या दिवशी पॉइंट मात्र चार! बघतो तर काय, त्यांचे तीन नामी स्ट्रायकर बाकावर आणि मैदानात सगळे फुकटे. बाकावरच्या तिघांनी मिळून पाच गोल मारलेले, पण बाकावरच्यांचे पॉइंट धरत नाहीत.

"सलीमभाई, हे काय केलं?"

"चांगला स्पेअर कोनी पयल्याच दिवशी मशीनले लावते का? पयले जुना घिसू दे!"

पूर्ण वर्ल्डकपभर त्यांनी तो स्पेअर जपला. तिघंही एकदम नवेकोरे घरी गेले.

* * *

बापूंनी खेळाडू निवडले ते ग्रेडरसारखेच. आधी विचारायचे, "याच्या देशात पाऊस किती?" इंग्लंड म्हटलं की हात झटकायचे. "नाही पायजे. ओलावा जास्त राह्यते."

ब्राझील? "जंगलातला माल, कचरा राहीन."

शेवटी त्यांनी शोधून शोधून वाळवंटाकडचे खेळाडू भरले. "कोरडा माल. पाहा आता." पहिल्याच फेरीत त्यातले निम्मे देशच बाहेर! मी म्हटलं, बापू, खेळाडू बदला, मुदत संपतेय. तर म्हणे, "थांब ना. भाव पाहू दे." त्या वर्षांत सगळे भावाचीच वाट बघत होते. मुदत संपली आणि बापू चौथे आले. चौघांत!

* * *

इकडे नीलेश पहिला. सलीमभाई त्याच्यावर भडकले, "अबे, सासऱ्याच्या डोक्यावर कोनी बसते काय? उतर खाली!"

आमचा एक घरचा नियम होता, एकच खेळाडू दोघांचा कॅप्टन नाही. सेमीफायनलला बापू आणि नीलेश एकाच खेळाडूवर अडले. बापूंनी खांद्यावरचा दुपट्टा दोघांच्या हातांवर टाकला. बैलबाजारातली पद्धत! कपड्याखाली बोटं दाबून सौदा करायचा, बघणाऱ्याला काही कळत नाही. इथं नीलेशलाच काही कळत नव्हतं. बापू बोट दाबायचे आणि हा मान डोलवायचा. दुपट्टा काढला तेव्हा पोरगा कॅप्टन तर देऊन बसला होताच, वर दोन डिफेंडरही गेले होते.

"सौदा मस्त झाला," बापू म्हणाले. "पन तुह्या हाताले एवढा घाम काहून सुटून राह्यला?"

"ओला माल आहे, बापू!" सलीमभाई ओरडले. "वजनात कट्टी लावा, किलोभर कापा!"

* * *

फायनलला बापूंनी फतवा काढला, "मागचं सारं माफ. सगळे शून्यापासून." अर्थातच! आणि त्या दिवशी त्यांनी अकरा नावं घडाघडा सांगितली. एकही वाळवंटातला नाही. मी चाटच पडलो. नीलेशनं मात्र कॅप्टन केला तो अख्ख्या वर्ल्डकपमध्ये बाकावर बसून राहिलेला एक गोलकीपर! बापू दणक्यात जिंकले. खूश होऊन म्हणाले, "रविवारी लोहाऱ्याला घरी या. बोलू."

रविवारी आम्ही तिघं गेलो. नीलेशनं नवा शर्ट घातला होता. पोहे झाले. बापूंनी हात पुसले आणि थेट विचारलं, "तो बसून राह्यलेला गोलकीपर कॅप्टन काहून केला?"

"चुकून झालं, बापू."

"वरून कोरडा, खालून ओला कापूस भरनारे मी रोज पकडतो. खरं सांग."

नीलेशची मान खाली गेली. "तुमाले जिंकवाचं होतं."

बापूंचा चेहराच उतरला. मला खरंच वाईट वाटलं, कारण चार दिवस ते गावभर त्या विजयाची गोष्ट सांगत होते. मग ते उठून उभे राहिले. "म्हंजे मी जिंकलोच नाही? असा फसवनारा जवाई नाही पायजे मले. जा तुमी."

आम्ही चपला शोधायला लागलो. तेवढ्यात प्रणिता चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली.

"बाबा, तुमची टीम तरी तुमी कुठं लावली? ते अकरा नावं म्याच तर पाठ करून घेतले तुमच्याकडून."

"तुह्यं वेगळं आहे. पन यानं तो गोलकीपर..."

"तोही म्याच सांगतला यायले. फोनवर."

बापू एकदा तिच्याकडे बघत राहिले, एकदा नीलेशकडे. "म्हंजे फायनल जिंकलं कोन?"

"च्या घ्या, बाबा. थंडा होऊन राह्यला."

बापूंनी निमूट कप उचलला, खाली बसले आणि शेजारची खुर्ची नीलेशकडे सरकवली.

"बस, जवाईबापू. तुह्यं काही खरं नाही."