निळ्या साबणाच्या चाळीस वड्या

दौंडच्या आमच्या मागच्या खोलीत मी साबण करते. दुपारी तिथे पश्चिमेकडून ऊन येतं, आणि मायकाची, म्हणजे अभ्रकाच्या रंगीत पुडीची, डबी उघडली की रंग थोडा वेळ हवेतच तरंगतो. पंखा मी मुद्दाम बंद ठेवते. पापण्यांवर, ओढणीवर, चहाच्या कपाच्या कडेवर चमक बसते. आपण पाण्याखाली बसलोय आणि वर कुणीतरी ऊन हलवतंय, असं मला वाटत राहतं. घरचे म्हणतात, हिचा साबण कमी आणि तंद्रीच जास्त. खोटं नाही ते.

आई राहू गावाला असते, बौद्धवस्तीतल्या आमच्या घरात. यंदा जयंतीला वस्तीतल्या चाळीसही घरांत लेकीच्या हातचा निळा साबण देणार, असं तिने मला न विचारताच सगळ्यांना सांगून टाकलं. निळा म्हणजे कुठला, हे आमच्यात सांगावं लागत नाही. मी दुकानातली सगळ्यात गडद निळी पूड आणली. डबीमागची बारीक अक्षरं वाचायचा मला भारी कंटाळा. तेलात पूड कालवली, कास्टिक सोड्याचं पाणी ओतलं, आणि भांड्यात असा काही निळा उतरला की मी घोटायचं सोडून नुसती बघतच बसले.

दुसऱ्या दिवशी साच्यातून काढल्या तर वड्या गढूळ पाण्याच्या रंगाच्या. काही निळे रंग कास्टिकमध्ये टिकत नाहीत, आणि डबीमागे तसं लिहिलेलंही होतं. साबण वाळायला महिना लागतो. नवी पूड येऊन नवा साबण वाळेपर्यंत जयंती होऊन गेली असती. आईला फोनवर मी "छान झालाय" म्हणाले. मग रोज दुपारी वड्या उलट्यासुलट्या करायचे. वाळता वाळता निळा आतून वर येईल, असं मला खरंच वाटायचं. सांगायला लाज वाटते, पण वाटायचं.

जयंतीच्या आदल्या दिवशी दुपारी खोकं घेऊन राहूला गेले. आईने एक वडी उचलून दाराच्या उजेडात धरली.

"ह्यो निळा हाय?"

"फसलं गं आई."

तिने वडी परत खोक्यात ठेवली. "वस्तीत बोलून बसलीय मी," एवढंच म्हणाली. तिचा उतरलेला चेहरा बघून मला रडू आलं.

उरलेली निळी पूड मी बरोबर आणली होती. वाळलेल्या साबणावर वरून लावली तर ती टिकते. सॅनिटायझरच्या चार थेंबांत ती कालवली आणि म्हटलं, "आई, प्रत्येक वडीवर तुझा अंगठा उमटव. छान दिसेल."

तिने हात मागे घेतला. "अंगठा न्हाई."

मी चपापले. रोजगार हमीच्या हजेरीवर तिने वर्षानुवर्षं अंगठा दिला होता. पुढे संध्याकाळच्या साक्षरता वर्गात ती सही शिकली, आणि त्यानंतर तिने अंगठ्याला कधी शाई लागू दिली नाही. हे सगळं मला माहीत होतं, तरी मी बोलून गेले. स्वतःचाच राग आला.

आईने काडेपेटीतली काडी घेतली, निळ्यात बुडवली आणि पहिल्या वडीवर सही केली. हळूहळू, ओठ मिटून. मग दुसरीवर. मी शेजारी बसून एकेक वडी तिच्यापुढे सरकवत राहिले. चमक तिच्या नखांत गेली, मनगटाच्या सुरकुत्यांत गेली, काचेच्या बांगड्यांवर बसली. ऊन उंबऱ्यातून अंगणात उतरलं. किती वेळ गेला ते कळलंही नाही.

शेवटच्या चार वड्या राहिल्या तेव्हा मी म्हटलं, "आई, पहिल्या अंघोळीलाच धुऊन जाईल गं हे."

"जाऊ दे की," ती मान वर न करता म्हणाली. "सही मला येतीया ना परत कराया."