रशियन अक्षरांतलं दादाचं नाव

बीडच्या स्टँडवर केजची गाडी लागत होती, तेवढ्यात फोन आला. "ताई, डॉक्टरसाहेब गेले..." कंपाउंडर रडत होता. माझा थोरला भाऊ, केजचा डॉक्टर, पेशंट तपासता तपासता खुर्चीतच गेला. महिना उलटला, तरी डोळ्यांसमोर येतो तो त्याचा उजवा हात. चिरडलेला.

आम्ही मेंढपाळांची लेकरं. दादा डॉक्टरकी शिकायला रशियात गेला आणि रायसा नावाच्या म्हाताऱ्या ज्यू बाईंकडे भाड्यानं राहिला. त्या एक छोटं रशियन साप्ताहिक चालवायच्या. त्या गावात एक लेकरू बेपत्ता झालं, मग नदीत प्रेत सापडलं. तिथल्या मोठ्या पेपरानं छापलं, ज्यू लोक सणासाठी लेकरांचं रक्त काढतात. रायसाबाईंनी आपल्या अंकात लिहिलं, हे धडधडीत खोटं आहे. त्याखाली दादानं आपल्या नावानिशी लिहिलं, शवविच्छेदनाला मी हजर होतो, लेकरू बुडून मेलं, अंगावर एक ओरखडा नव्हता.

अंक वाटला त्याच दिवशी भरदुपारी माणसं लोखंडी गज घेऊन कचेरीत शिरली. काचा फुटल्या, यंत्रं फुटली. रायसाबाईंना केस धरून फरफटत दारात आणलं, तोंडावर लाथा घातल्या. दादा त्यांच्या अंगावर पालथा पडला. गज त्याच्या पाठीवर बसत राहिले. मग एकानं त्याचा हात पायरीवर दाबून धरला. "ह्याच हातानं लिहिलंस ना?" म्हणत दुसऱ्यानं बोटं ठेचली... रस्त्यावरचे लोक बघत उभे होते. रायसाबाईंचा एक डोळा गेला. तरी पुढचा अंक निघाला, दादाचा तोच मजकूर पहिल्या पानावर घेऊन. मारणारे कुणीच सापडले नाहीत.

दादाला सर्जन व्हायचं होतं. ते तिथंच संपलं. घरी आला तेव्हा आमच्या वडलांनी, आबांनी, त्याची वाकडी बोटं हातात घेतली, किती तरी वेळ सोडलीच नाहीत.

"परक्या मुलखात मधी कावून पडलास रं?"

"आबा, ती खाली पडलती."

दादा डाव्या हातानं लिहायला शिकला, केजात दवाखाना थाटला. पण दारावर जोरात थाप पडली की शेवटपर्यंत आधी डोकं झाकायचा, मग उठायचा.

परवा दवाखाना आवरला. खुर्चीमागच्या भिंतीवर त्या अंकाचं पहिलं पान काचेत लावलेलं आहे. पेशंट त्याला डिग्रीच समजायचे, दादा हसून सोडून द्यायचा. मी ते काढायला लागले तर दादाची जुनी पेशंट, एक म्हातारी, पुढं आली. "काय लिवलंय गं त्याच्यात?"

मला रशियन कुठं येतं? दादानं दाखवलेली एकच ओळ ओळखता येते. तिच्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे दादाचं नाव."

म्हातारीनं काचेला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. मी पान भिंतीवरच राहू दिलं.