निळा झालेला तिसरा दिवा

चार दिवे होते. एकापासून दुसऱ्यापर्यंत होडीने जायला अर्धा दिवस जाई. चौथा संपेपर्यंत पहिल्यावर पुन्हा शेवाळ धरत असेल, असं मला त्या दिवसांत उगाच वाटत राहायचं.

केरळातल्या एका मोठ्या सरोवराच्या काठी, जुन्या राजाच्या काळात बांधलेले हे विटांचे मनोरे. वर तेलाचा दिवा जळायचा म्हणून त्यांना सगळे नुसतं दिवेच म्हणत. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत दोन मनोऱ्यांवर विजेचे दिवे आले होते, बाकीचे दोन विझलेलेच होते. पण दिवसा चारही कामाचे. नारळ आणि काथ्या भरलेल्या होड्या लांबून पांढरा मनोरा हेरायच्या आणि तिथं कालव्यात वळायच्या. म्हणून दर पावसाळ्यानंतर ते खरवडून, चुना मारून पांढरे करावे लागत. हे काम आमचं. आमचं म्हणजे मेस्त्रीचं, नावाड्याचं आणि माझं.

मी नागपूरच्या वरच्या सौंसरकडचा, रामाकोना गावचा. सातवीतून शाळा सोडली आणि संत्र्याच्या पेट्या भरायला लागलो. एका हंगामात पेट्या उतरवायला म्हणून ट्रकसोबत एर्नाकुलमला गेलो आणि तिथं तापाने पडलो. ड्रायव्हर दोन दिवस थांबला, मग तोही काय करणार, गेला. मी बाजारात रिकाम्या पेट्यांना टेकून पडलो होतो. तीन दिवस कोणाचं एक अक्षर कळलं नव्हतं. तर लुंगी नेसलेला एक म्हातारा वाकला आणि म्हणाला, "काय करून राहिला रे इथं?"

मला रडूच फुटलं. तोच मेस्त्री. पलटणीत असताना तो बरीच वर्षं नागपूरजवळच्या कामठीला होता. पेटीवर नागपूर लिहिलेलं पाहून त्याने तिकडची बोली काढली होती. त्याची मराठी बाजारातली, निम्मी हिंदी. त्याने मला घरी नेलं, त्याच्या बायकोने कांजी, म्हणजे भाताची पेज, पाजली, आणि मी उभा राहिलो तसं कामावर घेतलं. दिव्यांचं काम पाहणाऱ्या साहेबांनी विचारलं, हा कुठला माणूस, इथं आपली माणसं नाहीत का? मेस्त्रीने एवढंच सांगितलं की माझा आहे, जबाबदारी माझी.

ते वाक्य मी त्या दिवसापासून डोक्यावर घेऊन फिरत होतो. माझ्या हातून काही चुकलं तर मेस्त्रीचं काम जाणार आणि त्याच्यासोबत मला या मुलखात असलेलं एकच घरही जाणार. रात्री झोपताना मी दिवसभराचं काम मनात उलगडून पाहायचो, कुठं चुना पातळ तर नाही ना राहिला.

कामात जीव जाई. आधी मनोऱ्याच्या आतल्या पायऱ्यांनी दोर वर न्यायचा. मग फळीच्या पाळण्यात बसून वरून खाली उतरत खरवडायचं आणि पुन्हा वर जाऊन चुना मारत उतरायचं. दोर नावाडी धरायचा आणि मी ओरडलो नाही तर बिडी ओढत विसरून जायचा. चुन्याने बोटांच्या भेगा जळायच्या. हवा अशी की घाम वाळतच नसे. पहिल्या दिव्यावर पोचलो की मेस्त्री पायरीवर बसून गुडघे चोळायचा आणि म्हणायचा, अजून तीन.

दुसऱ्या वर्षी तिसऱ्या दिव्याच्या वेळेला त्याचे गुडघे इतके सुजले की त्याला होडीत बसवेना. मला म्हणाला, तू आणि नावाडी करून या. मला बरं वाटलं आणि भीतीही वाटली.

चुना घ्यायला दुकानात गेलो तर तिथं पोत्यात मोरचूद दिसलं. निळेशार खडे. तिकडे ते मिऱ्याच्या वेलांवर फवारतात. मी पोत्यापुढे उभाच राहिलो. आमच्या बगीच्यात संत्र्याच्या बुंध्याला डिंक्या रोग लागू नये म्हणून मोरचूद आणि चुना कालवून अडीच फुटांपर्यंत पोततात. बापासोबत मी किती झाडं पोतली असतील, हिशोब नाही. लोखंडाच्या भांड्यात कालवायचं नाही, मोरचूद लोखंड खातं, हेही बापानेच सांगितलेलं. मला वाटलं, या मनोऱ्यालाही तोच रोग. शेवाळ मेलं तर मेस्त्रीला पुढच्या वर्षी चढावं लागणार नाही. मी मोरचूद घेतलं आणि मातीचा माठही घेतला.

दोन दिवस मी तो मनोरा पोतला. अडीच फूट कुठले, टोकापासून पायापर्यंत. जवळून तो फिकट निळा मनोरा इतका देखणा दिसत होता की नावाड्यानेही मान डोलावली. मेस्त्रीला सांगितलं, पाहा आता, शेवाळाचं नावच नाही राहणार. कसं ते नाही सांगितलं. त्याला दाखवायचं होतं.

तिसऱ्या दिवशी मेस्त्रीला कसंबसं होडीत बसवून आम्ही चौथ्या दिव्याकडे निघालो. सकाळची वेळ, पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं. तिसरा दिवा दिसायला हवा होता तिथं काहीच नव्हतं. मला वाटलं, आपण वाट चुकलो. मग नावाडी वल्हं थांबवून खो खो हसायला लागला आणि मेस्त्रीला काहीतरी म्हणाला. मेस्त्रीने ते मला सांगितलं, अगदी सावकाश. "तो म्हणते, एक दिवा चोरीला गेला. तू चुन्यात काय घातलं?"

मी सांगितलं. निळा मनोरा निळ्या आभाळात मिसळून गेला होता. साहेब दोन दिवसांनी लाँचमधून चारही दिवे पाहायला येणार होते.

त्याने मला शिवी दिली नाही. चौथा मळका असला तरी दिसत होता, म्हणून होडी आधी तिसऱ्याकडे वळवायला सांगितली. निळ्यावर पांढरा हात मारला तरी खालचा निळा झिरपून वर येत होता, म्हणून सगळं खरवडणं आलं. दोन दिवसांत पाण्याकडची बाजू तेवढी झाली. सुजलेल्या गुडघ्यांनी मेस्त्री वरपर्यंत चढला, पाळण्यात मात्र मी त्याला बसू दिलं नाही.

साहेबांची लाँच आली. समोरून सगळं पांढरं. आम्ही तिसऱ्याच्या पायाशी उभे होतो. पण लाँच कालव्यात शिरली आणि मागून साहेबांना निम्मा मनोरा निळा दिसला. ते उतरले. मेस्त्री पुढे होऊन सांगायला लागला की माझ्या हाताखाली झालं, चूक माझी. मला ते ऐकवेना. मी हिंदी-मराठी मिसळून म्हणालो, "साहेब, हे मी केलं. आमच्याकडे संत्र्याच्या झाडाले लावते."

साहेबांना ते समजायला वेळ लागला. मग ते मेस्त्रीकडे वळून मल्याळममध्ये थोडंसंच बोलले आणि लाँचमध्ये बसले. मेस्त्रीने मला सांगितलं: आठ दिवस. हा आणि चौथा पूर्ण पांढरे नाही झाले तर पुढच्या वर्षी दुसरा मेस्त्री.

ते आठ दिवस मला नीट आठवतही नाहीत. खरवडणं आठवतं, कानात बसलेला तो आवाज आठवतो. हातांना जेवणाचा घास धरवत नसे, मेस्त्रीच्या बायकोने पळीने खायला दिलं. नावाडी त्या आठ दिवसांत एकदाही दोर सोडून बसला नाही, टोमणे मात्र रोज मारायचा. मेस्त्री खाली बसून चुना कालवायचा, माठातला नाही, नव्या घमेल्यातला. आठव्या दिवशी आम्ही होडी लांब नेऊन पाहिलं. तिसरा दिसत होता. मग होडीतच आडवे झालो, इतके थकलो होतो.

पुढच्या वर्षीचं काम मेस्त्रीलाच मिळालं. मी त्याच्याजवळ आणखी चार वर्षं राहिलो, चारही दिवे मीच चढायचो. दर वेळी चढायच्या आधी तो लंगडत माझ्या घमेल्याजवळ यायचा आणि वाकून आत पाहायचा. आत निळं काही नाही ना, एवढंच. मीही चुना कालवला की त्यावर पोतं झाकत नसे, तो येऊन पाहीपर्यंत बाजूला उभा राहायचो.